फांदी असेल

गाडी भाड्याने घ्यायची म्हटल्यावर बाबा आधी नाहीच म्हणाले होते.

"परक्या देशात आपण पाहुणे. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. बसनं जाऊ."

"त्या तळ्याकडे बस जातच नाही, बाबा," भिंगरी म्हणाली. "आणि मी परवाना काढून आणलाय. बाहेरच्या देशात चालतो तो. फोटोसकट."

"फोटो तरी बरा आलाय का?" आईनं विचारलं.

भिंगरी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं, आणि चांगली नोकरीला लागून डोक्यात चार पांढरे केस आले तरी ते सुटलं नाही. दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. नवं यंत्र शिकायला कंपनीनं तिला या देशात पाठवलं होतं. शिकणं संपलं तशी तिनं हक्काची रजा टाकली आणि आईबाबांना बोलावून घेतलं. दोघांनी विमान पहिल्यांदाच पाहिलं ते आतून.

या सहलीमागे आणखी एक कारण होतं, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. त्याच वर्षी भिंगरीचा घटस्फोट झाला होता. तिचा नवरा मारहाण करणारा नव्हता, दारू पिणारा नव्हता. पण बँकेचं काम असो, गॅसची शेगडी असो, तो तिच्या हातातून काढून घ्यायचा. "दे इकडे, तुला जमणार नाही." हे वाक्य ऐकून ऐकून भिंगरी फिरायचीच थांबली होती. वेगळी झाल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती ड्रायव्हिंग क्लास लावण्याची. तिथं परीक्षा पास झाल्याचा फोन तिनं बाबांना केला तेव्हा ती रडत होती, आणि बाबांना वाटलं नापास झाली.

बाबांचं गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं. अख्खी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. कुणाचं बोट कापलं, कुणाचा पाय मुरगळला, की आधी डॉक्टरच्या दुकानात, मग गरज पडली तर खऱ्या डॉक्टरकडे. प्रवासालाही ते एक कापडी पिशवी घेऊन आले होते. पट्ट्या, कापूस, मलम, गोळ्या. विमानतळावर ती उघडायला लावली तेव्हा आई म्हणाली होती, "सगळं दुकानच आणायचं होतं ना, शटर कशाला मागे ठेवलंत?"

तर बाबांचं काही चाललं नाही आणि गाडी घ्यायची ठरली.

गाड्यांच्या कार्यालयात चष्मा साखळीला अडकवलेली एक बाई होती. तिनं परवाना उलटसुलट करून पाहिला, सह्या घेतल्या आणि त्यांना मागच्या आवारात नेलं. एक निळी, बुटकी गाडी उभी होती. बाईनं गाडीभोवती फिरून एकेक जुना ओरखडा बोटानं दाखवला आणि फोटो काढले. आई तिच्या मागोमाग वाकून वाकून बघत होती, स्थळ बघायला आल्यासारखी.

स्टिअरिंग डावीकडे होतं. बाबा सवयीनं डावीकडचं दार उघडून बसायला गेले आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. भिंगरी इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं. असं हसताना बाबांनी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

निघण्याआधी तिनं त्यांना नीट समजावलं. "इथं उजव्या बाजूनं चालवायचं. मी बसणार डावीकडे, म्हणजे उजव्या कडेचा मला अंदाज येत नाही. ती बाजू तुमची, बाबा. काही जवळ आलं की लगेच सांगायचं."

"ती बाजू माझी," बाबा म्हणाले.

शहर सोडेपर्यंत सगळ्यांचे जीव मुठीत होते. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या उलट्या बाजूंना होत्या. भिंगरीला वळायचं असलं की काचेवर वायपर फिरायला लागायचे.

"ऊन पडलंय की चांगलं!" आई मागून म्हणायची.

"आई, प्लीज."

बाबांचा उजवा पाय खालच्या गालिच्यावर नसलेला ब्रेक दाबत होता. "सायकलवाला," "खांब," "फुटपाथ," असं ते मोठ्यानं म्हणत होते. हळूहळू रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडे शेतं लागली. भिंगरीचे खांदे सैल पडले. ती गुणगुणायला लागली. बाबांचाही पाय शांत झाला.

रस्ता पुढे अरुंद झाला. उजवीकडे उंच गवत आणि त्याच्या आत पाण्याचा चर. आईला मागे मळमळायला लागलं होतं, तिला तोंडात काहीतरी आंबट हवं होतं. बाबांनी पिशवीतलं संत्रं काढलं, सोलायला घेतलं. फोडींवरचे पांढरे दोरे आईला आवडत नाहीत, म्हणून ते एकेक दोरा काढत होते. त्यांची मान खाली होती.

"समोरून टेम्पो येतोय," भिंगरी स्वतःशीच म्हणाली आणि तिनं गाडी जराशी उजवीकडे घेतली.

टक् असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. बाबांच्या बाजूचा आरसा धाडकन मिटून काचेला येऊन लागला, आणि बाबांनी मान वर केली तेव्हा त्यात त्यांना आपलाच चेहरा दिसला, ओठाला संत्र्याचा दोरा चिकटलेला.

"काय लागलं, बाबा?"

बाबांनी वळून मागच्या काचेतून पाहिलं. आईच्या डोक्यावरून रस्ता दिसत होता. चराच्या कडेला सायकलचं एक चाक वर होऊन फिरत होतं. त्याच्यापलीकडे गवतात कुणीतरी पडलं होतं. राखाडी स्वेटर. आणि एक हात वर झाला होता. बोलावणारा.

"बाबा? काय होतं?"

त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मघाचं गुणगुणणं अजून पुरतं मिटलं नव्हतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती वाट बघत होती, काय म्हणतायत याची. थांब म्हटलं तर हिचं हे सगळं आत्ताच्या आत्ता संपणार, एवढं बाबांना दिसलं. पोलीस, परकी भाषा, कोर्ट. आणि तिचा आधीचा नवरा तिकडे बसून म्हणणार, मी सांगत होतो.

"काही नाही गं," ते म्हणाले. "फांदी असेल. चल पुढे."

रस्ता वळला. मागच्या काचेत आता नुसतं गवत होतं. बाबांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि आरसा उघडून जागेवर बसवला.

"संत्रं सोलताय की मुहूर्त बघताय?" आईनं मागून हात पुढे केला. बाबांनी सगळं संत्रं तिच्या हातावर ठेवलं.

तळं फोटोत होतं तसंच होतं. पाण्यावर लाकडी धक्का, काठाला बाकडी, बदकं. भिंगरीनं गाडी रेषांच्या मधोमध लावली, खाली उतरून रेषा तपासल्या आणि आईकडून शाबासकी वसूल केली. मग गाडीजवळ उभं राहून तिघांचा फोटो काढला. बाबा मुद्दाम उजव्या बाजूच्या आरशापुढे उभे राहिले. त्यावर ताजा ओरखडा होता. नंतर दोघी पुढे गेल्यावर त्यांनी रुमालानं तो पुसून पाहिला. पुसून जाण्यातला नव्हता.

थोडंसंच लागलं असेल, ते मनाला सांगत होते. गवत होतं खाली. उठून गेलाही असेल. हात वर केला म्हणजे शुद्धीवर होता. शुद्धीवर असलेला माणूस उठू शकतो. दुकानात कुणी पडून आलं की ते पहिल्यांदा हेच बघायचे, शुद्धीवर आहे ना. मग दुसरं बघायचे. दुसरं, तिसरं, सगळं त्यांना आठवत होतं. म्हातारा असला तर खुबा. डोकं आपटलं असलं तर उलटी. चरात पाणी किती होतं, ते काही त्यांना दिसलं नव्हतं.

भिंगरीनं डबा उघडला. बाबांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"पोट बिघडलं का?" आईनं विचारलं. "मी म्हटलं होतं सकाळी, एवढं चीज खाऊ नका."

"काही नाही."

"मग असं तोंड करून का बसलाय? लेकीनं एवढ्या हौसेनं आणलंय."

तेवढ्यात धक्क्यावर एक छोटी मुलगी धावताना आपटली. गुडघा सोलवटला, मुलीनं भोकाड पसरलं. तिची आई पर्स धुंडाळत होती, तिला काही सापडत नव्हतं. बाबा कधी उठले, कधी पिशवी उघडली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी पाण्यानं जखम धुतली, फुंकर घातली, मलम लावलं, पट्टी बांधली. मुलगी त्यांचे पांढरे कल्ले बघत गप्प झाली. तिच्या आईनं छातीवर हात ठेवून कितीदा तरी मान झुकवली.

"आमचे बाबा डॉक्टरच आहेत," भिंगरीनं तिला इंग्रजीत सांगितलं. अभिमानानं.

बाबा बाकावर येऊन बसले. पिशवीचा चाप त्यांनी लावला आणि पुन्हा उघडला.

"ती फांदी नव्हती," ते म्हणाले.

"कुठली फांदी?" आई म्हणाली.

भिंगरीला मात्र समजलं. हातातला डबा तिनं खाली ठेवला. "काय होतं?"

"माणूस होता. सायकलवर. चरात पडला. मी मागे वळून बघितला." आणि थोडं थांबून, सगळं सांगायचं तर सगळंच, म्हणून ते पुढे म्हणाले, "त्यानं हात वर केला होता."

आईच्या तोंडून "अगंबाई" एवढंच आलं.

"मला वाटलं, तू नुकती कुठे... तुला सोसवणार नाही. परका देश. तुझा चेहरा बघितला आणि..."

"मला सोसवणार नाही," भिंगरी म्हणाली.

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तो काय वेगळं म्हणायचा, बाबा? तुला जमणार नाही, दे इकडे. तुम्ही नुसतं गोड बोलून घेतलंत माझ्या हातातून." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "गाडी मी चालवत होते. थांबायचं की नाही ते मी ठरवायचं होतं. आता मी पळून गेलेली बाई झाले. मला माहीतही नसताना."

ही गोष्ट बाबांच्या डोक्यात आलीच नव्हती. आपण पाप केलं ते त्या सायकलवाल्याचं, एवढंच ते धरून बसले होते. लेकीला तर वाचवलं असंच त्यांना वाटत होतं.

"ऊठ," आई म्हणाली. ती भिंगरीशी बोलत होती, नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "मागे जायचं. आत्ता. भांडण गाडीत करा."

गाडीपाशी भिंगरीनं किल्ली काढली आणि म्हणाली, "आई, तू पुढे बस. बाबा, तुम्ही मागे."

परतीच्या रस्त्यात वायपर एकदाही चुकून फिरले नाहीत. आई "खांब," "गवत," "ट्रॅक्टर," असं सांगत होती. बाबा मागे मांडीवर पिशवी घेऊन बसले होते, शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखे.

ती जागा सापडली. गवत आडवं झालं होतं, चरातला चिखल तुडवलेला होता. सायकल कडेला एका खांबाला टेकवून ठेवलेली होती, तिचं हँडल वाकडं झालेलं. माणूस नव्हता. समोरच्या घराच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. भिंगरीनं मोबाईलवर भाषांतर करून तिला दाखवलं. बाईनं तीनतीनदा वाचलं, मग गाडीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे. तिनं हातानंच गावाची दिशा दाखवली आणि मोबाईलमध्ये बोलली. त्यातून निर्विकार आवाजात मराठी आलं. दुधाच्या टँकरवाल्यानं त्याला पाहिलं. बराच वेळ तो पडून होता. दवाखान्यात नेलं.

'बराच वेळ' हे शब्द त्या यंत्राच्या तोंडून ऐकल्यावर बाबा चराच्या कडेला जाऊन आत पाणी किती आहे ते बघून आले.

गावचा दवाखाना छोटा होता. लांब पॅसेज, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या. एका खुर्चीत तरुणशी बाई बसली होती, मांडीवर चिखलानं भरलेला राखाडी स्वेटर. तो बघून तिघंही थांबले. ती सायकलवरच्या म्हाताऱ्याची सून होती आणि तिला इंग्रजी येत होतं.

भिंगरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ती गाडी मी चालवत होते," ती म्हणाली.

सुनेनं वर पाहिलं. "तुम्ही थांबला नाहीत."

बाबांनी वाट पाहिली. भिंगरी सांगेल, मला माहीत नव्हतं, वडिलांनी लपवलं. सांगण्याचा तिला पुरता हक्क होता. तिनं ते सांगितलं नाही.

मग बाबा पुढे झाले. त्यांचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. त्यांनी मुलीकडे बोट केलं, नाही अशी मान हलवली. मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, छातीवर हात ठेवला. "ही नाही. मी पाहिलं. मी सांगितलं, काही नाही. मी."

सुनेला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर ती त्यांच्याकडे रागानं बघेल असं त्यांना वाटलं होतं. ती आश्चर्यानं बघत राहिली, आणि ते अधिक वाईट होतं. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "त्यांना तुम्हाला विचारायचंय. एकट्या तुम्हाला."

म्हातारा बाबांच्याच वयाचा निघाला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, हात छातीशी बांधला होता, गालावर काट्यांचे ओरखडे. नखांत अजून माती होती. नर्सनं ते ओरखडे नीट पुसले नव्हते, हे बाबांच्या नजरेनं टिपलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

म्हातारा हळूहळू बोलला. सून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. बाबांना कळेल असं, सोपं करून.

"ते म्हणतायत, मी हात वर केला होता. गाडी गेली. मला वाटलं, कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर थांबले असते. तिथं पडल्या पडल्या मी हेच म्हणत होतो." ती थांबली. "ते विचारतायत, तुम्ही पाहिलंत का?"

नाही म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्याला तेच ऐकायला बरं वाटलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. पण सकाळीही बाबांनी दुसऱ्याला बरं वाटावं म्हणूनच तोंड उघडलं होतं.

"पाहिलं," ते मान डोलावून म्हणाले.

सुनेला भाषांतर करावं लागलं नाही. म्हाताऱ्यानं दोनदा मान हलवली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बाबा हात जोडून उभे राहिले. तो पुन्हा वळला नाही. शेवटी सुनेनंच दार उघडून धरलं.

दवाखान्यानं पोलिसाला आधीच कळवलं होतं. तो आला, गृहस्थ शांत स्वभावाचा होता. फोनवर दुभाष्या घेऊन त्यानं भिंगरीचा आणि बाबांचा वेगवेगळा जबाब घेतला. आपणहून परत आलात हे मी नोंदवतो, असं म्हणाला, पण न थांबता गेलात हेही नोंदवावंच लागेल. गाडीचा विमा होता, उपचार त्यातून होणार होते. भिंगरीला त्या देशात पुन्हा गाडी चालवायला मनाई झाली आणि दंड झाला. निळी गाडी न्यायला कंपनीचा माणूस आला. त्यानं आरशाचा फोटो काढला आणि गाडी घेऊन गेला.

ते बसनं शहरात परतले. आई मधे बसली होती. तिनं पर्समधून संत्र्याच्या उरलेल्या फोडी काढल्या, बघितल्या आणि तशाच परत ठेवल्या.

"मी मागितलं नसतं तर," ती म्हणाली.

"तुझं काय त्यात," बाबा म्हणाले.

"माझंही आहे. तुम्ही सगळं एकट्याच्या नावावर नका घेऊ."

भिंगरी खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर बाबांनी दुकान उघडलं. गल्लीनं विचारलं, परदेश कसा होता, डॉक्टर? ते म्हणायचे, स्वच्छ होता. कुणी डॉक्टर म्हटलं की आता त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं, पण कुणाकुणाला थांबवणार? एकदा एका माणसाला त्यांनी चिडून सांगितलं, "मी दुकानदार आहे हो. डॉक्टर नाही." त्याला वाटलं, काकांची तब्येत बरी नाही.

भिंगरी तिच्या शहरात राहायची. फोन यायचा तो आईला. बाबांची चौकशी व्हायची, पण आईमार्फत. आई निरोप्यासारखी इकडचं तिकडे पोचवून कंटाळली. "दोघांना तोंडं आहेत ना?" म्हणून तिनं एकदा दुकानात येऊन फोन तसाच बाबांच्या कानाला लावला आणि स्वतः बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली.

"त्या सूनबाईंचा मेसेज आला होता," भिंगरी म्हणाली. ती त्यांच्याशी संबंध ठेवून होती हे बाबांना माहीत नव्हतं. "हाड जुळलंय."

"देवा. बरं झालं."

"पण सायकल सोडली त्यांनी. बसायलाच तयार नाहीत. कुठे जायचं तर सून घरी येईपर्यंत दारात खुर्ची टाकून बसतात, म्हणे. आधी सगळीकडे एकटे जायचे."

बाबा काउंटरच्या काचेवर हात ठेवून उभे होते. "मी काही पाठवू का त्यांना? एक तेल आहे आपल्याकडे, हाडाला फार..."

"नको, बाबा."

"नुसतं तेल गं."

"नको. त्यांना आपल्याकडून काही नकोय. ते पाठवून तुम्हाला बरं वाटेल, त्यांना नाही."

हे ती तोडून बोलली नाही. समजावल्यासारखं बोलली, आणि पुढे काय म्हणतात त्याची वाट पाहत राहिली.

"खरंय," बाबा म्हणाले. "नाही पाठवत."

दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. बाबांनी त्याला हातानं थांब म्हटलं. पलीकडे भिंगरीच्या प्रयोगशाळेतलं यंत्र घरघरत होतं. बाबांना वाटलं, आता ती आईला फोन द्या म्हणेल.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"मग जेवून घ्या. मी सुट्टीच्या दिवशी येतेय." आणि तिनं फोन ठेवला.